बरणीतली तिसरी चिठ्ठी

शेंगदाणा किड्यावर माझा अभ्यास आहे असं आमच्या वऱ्हाडात कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मंग कोणतं औषध मारा लागते?" माझ्या सख्ख्या मामांनी तर एकदा भुईमुगाची चार झाडं मुळासकट उपटून, ओल्या पोत्यात गुंडाळून अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी आणली होती. पानं पिवळी पडत होती म्हणे. मी म्हटलं, मामा, माझा किडा भुईमुगात नसतो, समुद्रात असतो. अंग आखडून बसला की शेंगदाण्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव तसं. मामांनी चहा संपवला, झाडांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अन् समुद्रातल्या किड्याचं अमरावतीत काय काम?" 

दिसायला तो काही देखणा नाही. करंगळीएवढा, मातकट, ना पाय, ना गांडुळासारखी वळी. समुद्रकाठच्या खडकाच्या भेगेत, मेलेल्या पोवळ्याच्या भोकात दडून असतो. पुढे एक सोंड असते. ती तो बाहेर काढतो आणि मोज्याचं टोक आत ओढावं तशी पुन्हा अंगात ओढून घेतो. त्याच्या प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या काढणं म्हणजे डोक्याला ताप. सोंडेवरचे बारीक हूक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, कातडीवरचे उंचवटे पाहायचे, अंग उभं चिरून आतल्या स्नायूंच्या पट्ट्या मोजायच्या, आणि मग जुन्या वर्णनांशी ताडत बसायचं. मला हे काम आवडायचं. काही बायकांना तांदूळ निवडताना खडा सापडला की बरं वाटतं, मी त्यातली.

पण या किड्याकडे वळण्याचं खरं कारण सर होते. अकोल्याच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि माझी पीएच.डी. त्यांच्याकडे चालू होती. मूळचे बाळापूरकडचे, घर माळीकाम करणारं. भाऊ शेवंती आणि वांगी लावायचे. सरांना पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ते मागं सरायचे. तरी दर डिसेंबरला बी.एस्सी.च्या पोरापोरींची सहल घेऊन ते कोकणात जायचे. पोरं फोटो काढायची, शहाळी प्यायची. सर ओहोटीच्या वेळी पँट दुमडून, छिन्नी-हातोडी घेऊन खडकावर बसायचे. त्यांचे थोरले भाऊ मला म्हणाले होते, "आमचे वांगे इथल्या किड्यानं खाल्ले, अन् हा समुद्रातले किडे मोजून राहिला." कॉलेजात त्यांना सगळे पाठीमागे 'शेंगदाणे सर' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं.

प्रयोगशाळेत खिडकीजवळ त्यांचं लाकडी कपाट होतं. त्यात बरण्याच बरण्या. प्रत्येक बरणीत अल्कोहोल, किडे आणि जाड कागदाची एक चिठ्ठी. चिठ्ठी आतच बुडवायची आणि पेन्सिलनंच लिहायची, हा नियम. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, शिसं टिकतं. दुसरा नियम त्याहून कडक होता. किडा ओळखण्यात चूक झाली होती असं पुढे लक्षात आलं, तर नवी चिठ्ठी आत टाकायची, पण जुनी काढायची नाही. मी नवीन असताना एक चुकीची चिठ्ठी चिमट्यानं बाहेर काढून केराच्या टोपलीत टाकली होती. सरांनी ती टोपलीतून शोधून काढली, पुसली आणि पुन्हा बरणीत टाकली.

"चुकलेली चिठ्ठी बी आतच राह्यली पायजे," ते म्हणाले. "फेकून देल्ली त कोण काय समजला होता, अन् कोठी चुकला होता, हे मागून येणाऱ्याले कसं कळन?"

त्या सगळ्या बरण्यांवरची नावं दुसऱ्यांनी दिलेली होती. कुणी साहेबानं, कुणी जर्मन माणसानं, कुणी मद्रासकडच्या प्राध्यापकानं. सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं बरोबर बरणीवर बरोबर लावली. स्वतः शोधलेली, स्वतः वर्णन केलेली अशी एकही प्रजाती त्यांच्या नावावर नव्हती. ते हे बोलून दाखवायचे नाहीत. एकदाच, कपाट पुसताना म्हणाले, "मले एक पायजे. एकच. लय नाई." पुढच्या एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधीची डिसेंबरची सहल त्यांची शेवटची होती.

त्या सहलीत रत्नागिरीजवळच्या एका खडकातून आम्हाला दहा-बारा किडे मिळाले. जिवंतच अकोल्याला न्यायचे ठरले. कारण किडा तसाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर तो सोंड आत ओढून मरतो, आणि सोंड आत गेली की हूक दिसत नाहीत. आधी त्याला समुद्राच्या पाण्यात ठेवून, वर मेन्थॉलचे खडे पसरून हळूहळू गुंगी आणावी लागते. म्हणून एका डब्यात किडे आणि दोन मोठ्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, असं सामान माझ्याकडे सोपवलं होतं. बसमध्ये कॅन उभे मावेनात. मी ते सीटखाली आडवे सारले. वाटेत पोरींनी बॅगा ओल्या झाल्याची ओरड केली, तर मी ठणकावून सांगितलं, कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली असेल. अकोल्यात उतरल्यावर पाहिलं, तर एका कॅनमध्ये तळाला ओंजळभर पाणी उरलेलं आणि दुसऱ्याचं झाकणच गायब.

सर आल्या आल्या तापानं पडले. निरोप आला: पाच दिवस किडे सांभाळ, पाणी दिवसाआड बदल. आता बदलायला पाणी कुठलं? डब्यातलं पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ झालं, वास मारू लागलं. सरांना सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांना राग यायचा नाही, ते नुसतं "बरं" म्हणायचे. ते "बरं" मला ऐकायचं नव्हतं.

माझं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, पितळी घागरीच्या काठावर पांढरी रेघ बसते आणि चिंचेनं घासली तरी पुन्हा येते. प्यायचं पाणी गावात टँकरनं यायचं. मी रोज गावाहून एसटीनं अकोल्याला जायची. त्या दिवशी विहिरीवर तोंड धुताना डोक्यात प्रकाश पडला: खारं पाणी पाहिजे ना? ते तर आपल्या दारात आहे! दुकानातलं मीठ विरघळवायचं आधी मनात आलं होतं, पण पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं पाहून मी थबकले. किड्यांना सोसलं नाही तर? विहिरीचं पाणी मात्र देवानंच खारं केलेलं. इतकी वर्षं ज्या पाण्याला आम्ही शिव्या घातल्या, ते एकदाचं कामी येणार म्हणून मला कोण आनंद झाला. पुण्या-मुंबईच्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांच्याकडे असलं पाणीच नाही.

कॅन घेऊन बसमध्ये चढले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "यात काय हाय बाई?"

"विहिरीचं पाणी."

"लोक शहरातून गोडं पाणी गावाले नेते, अन् तुमी गावचं खारं शहरात घेऊन चालल्या?"

मी तिकिटाचे पैसे पुढे केले. अशा लोकांना शास्त्र काय कळणार, असं मला वाटलं होतं.

किडे मेले नाहीत. उलट चांगले टुमटुमीत झाले. सुरकुत्या गेल्या, कातडी पातळ, उजळ दिसायला लागली, आतल्या स्नायूंच्या पट्ट्या वरून मोजता येतील इतक्या स्पष्ट. मला वाटलं, आमच्या गावचं पाणी मानवलं, बाळसं धरलं. सहाव्या दिवशी सर आले. ताप उतरलेला, पण चेहरा ओढलेला. त्यांनी डब्यात पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. स्टूल ओढून बसले आणि डबा उजेडाकडे फिरवून एकेक किडा पाहू लागले.

"हे नेहमीचं नाई व पोरी," ते शेवटी म्हणाले. "हे येगळं हाय."

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे मी आजही कबूल करते. सरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. म्हणून मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि ते शेजारी बसून विचारायचे. उंचवटे कसे? सपाट, सर, विरळ. जवळजवळ हायत का दूर? दूर, सर. पट्ट्या एकमेकींत मिसळून राहिल्या का? नाही, सुट्या सुट्या. मग ते मान हलवायचे आणि लिहायचे. दुपारी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा पाठवायच्या, त्यात माझी भाकर वेगळी बांधलेली असायची. जुनी वर्णनं आम्ही एकेक करून ताडून पाहिली. कुठेच जुळत नव्हतं. नेहमीच्या प्रजातीचे जुने नमुने कपाटात होते: आखडलेले, तपकिरी, सुरकुतलेले. त्यांच्याशेजारी चिरून उरलेले आमचे सहा किडे ठेवले, की कुणीही म्हटलं असतं, हे वेगळेच.

फक्त हुकांची चित्रं राहिली होती. ते काम माझं. फार कंटाळवाणं असतं. प्रत्येक हूक केसाच्या टोकाएवढा, त्याच्या आतली रेघनरेघ काढायची. मी ते ढकलत ढकलत अगदी शेवटावर टाकलं.

नाव मात्र सरांनी आधीच ठरवलं होतं. मला वाटलं होतं, ते आपल्या आईचं नाव देतील, नाहीतर एखाद्या गुरूचं. त्यांनी चिठ्ठीवर पेन्सिलनं ठसठशीत लिहिलं: फॅस्कोलोसोमा वऱ्हाडेन्से.

"सर, मिळाला रत्नागिरीला आणि नाव वऱ्हाडचं? कोकणातले भांडतील."

"भांडू दे. त्यायच्याकडं समुद्र हाय, त्यायले काय कमी हाय? आपल्याकडं काईच नाई. नावात तरी समुद्र येऊ दे."

ते हसत होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. प्राचार्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप समारंभातच ही नवी प्रजाती जाहीर करायची ठरवली. शोधनिबंध टाइप होऊन आला. समारंभ झाला की, चित्रं जोडून पाठवायचा होता.

समारंभाला दोन दिवस होते. त्या दिवशी चतुर्थी होती. आईनं सकाळी आमटीसाठी शेंगदाणे भिजत घातले होते. मी स्वयंपाकघरात बसून डब्याची तयारी करत होते, आणि सहज म्हणून त्या भांड्यात पाहिलं. आदल्या दिवशी मीच ते दाणे निवडले होते. जुने, सुरकुतलेले, आखडलेले. आता सगळे टुमटुमीत. सालावरच्या सुरकुत्या गेलेल्या, साल पातळ होऊन उजळलेलं, त्यावरच्या रेघा एकमेकींपासून दूर दूर झालेल्या. मी एक दाणा हातात घेतला. पाणी आमच्याच विहिरीचं होतं.

दाणा परत भांड्यात टाकून मी डबा तसाच सोडला आणि उठले. आई म्हणाली, "काय झालं व? उपासाले काई खाल्लं का?" मी तशीच निघाले आणि बस गाठली.

प्रयोगशाळा उघडून मी ते केलं, जे चार महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. आमच्या किड्याची सोंड आणि जुन्या, नेहमीच्या प्रजातीची सोंड काचेवर शेजारी शेजारी ठेवली आणि हूक पाहिले. कातडी फुगते, पट्ट्या ताणल्या जातात. हूक टणक असतात, ते पाण्यानं बदलत नाहीत. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहा पाहिले. तोच बाक, तीच आतली रेघ. समुद्राचं पाणी आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खारट असतं. कमी खारट पाण्यात ठेवल्यावर किड्यांनी ते पाणी पिऊन घेतलं होतं, इतकंच. नवं काही नव्हतं. मी ते किडे आईच्या शेंगदाण्यांसारखे भिजत घातले होते.

मी काय विचार केला ते खरं खरं लिहिते. पहिला विचार आला, सांगायचंच नाही. कोण पाहणार? जगात या किड्यांकडे पाहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सर सुखानं निवृत्त होतील. पण मग पुढच्या कुणी तरी हूक पाहिले असते, आणि हसं झालं असतं ते सरांचं, वऱ्हाडच्या नावासकट. तेव्हा दुपारी मी त्यांच्या घरी गेले. काकू अंगणात शेवंतीची रोपं निवडत होत्या. सर पलंगावर बसून भिंग लावून निबंध वाचत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: कॅन, बस, विहीर, शेंगदाणे, हूक.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बरं," म्हणाले.

तेच ते "बरं", ज्याला भिऊन मी हे सगळं केलं होतं.

मी रडायला लागले. त्यांनी मला बसायला सांगितलं, काकूंना पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाले, "मले त्या डब्याच्या काठावर पांढरी रेघ दिसली होती. बाळापुराकडच्या माणसाले ती रेघ कायची हे का समजत नाई? मी पाह्यली. अन् रुमालानं पुसली."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मले पायजे होतं म्हणून मी पाहून बी नाई पाह्यलं," ते म्हणाले. "तुयी चूक पाण्याची. माही चूक डोयाची. माही मोठी."

पुढच्याच आठवड्यात अमरावतीच्या एका कॉलेजात माझी अधिव्याख्यातापदाची मुलाखत होती. वडील थकले होते, धाकटी भावंडं शिकत होती, आणि ती नोकरी मला हवीच होती. सरांना हे माहीत होतं. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "समारंभात तू काई बोलू नको. मी पाहून घेतो."

समारंभात त्यांनी पाहून घेतलं. सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी मोठ्या तोंडानं "आता सर एक आनंदाची बातमी देतील" म्हणून माईक त्यांच्या हातात दिला. सरांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की नवी प्रजाती वगैरे काही नाही. किडे ठेवायला समुद्राचं पाणी कमी पडलं, तेव्हा मी गावच्या विहिरीचं पाणी आणून घातलं, ते फुगले आणि मी फसलो. "मी," म्हणाले. एकदा नाही, तीन वेळा.  मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळं सभागृह हसलं. सरही हसले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते. उठून उभं राहायला फार तर दोन क्षण लागले असते.

मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांनी कागद चाळता चाळता विचारलं, "तुमच्या सरांनी म्हणे समुद्रातले किडे विहिरीत पोहायला सोडले?" समितीतले सगळे हसले.

मी पण हसले.

नोकरी मिळाली. लग्न झालं, राजापेठेत घर झालं, आमच्या गल्लीत दर दोन घरांमागे एक शिकवणी वर्ग उघडला. मी दर वर्षी पोरांना शेंगदाणा किडा शिकवते. धारणीकडून आलेल्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं, मॅडम, उन्हाळ्यात समुद्र आटत असन का? मी हसले नाही. हसण्याच्या बाबतीत मी तेव्हापासून जपून असते. सरांचा तो विहिरीचा किस्सा मात्र विद्यापीठभर फिरला. कुठल्याही परिषदेत कुणी ना कुणी तो रंगवून सांगायचं, आणि चहाच्या टेबलाशी मी कप घेऊन उभी असायची. चूक माझी होती एवढं एक वाक्य बोलायला इतक्या वर्षांत मला सवड झाली नाही. सरांना दिवाळीला फोन करायचे, वर्षातून एकदा जायचे. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांनी काढला नाही म्हणून मी काढला नाही, अशी मी स्वतःची समजूत घालायची.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून फोन आला. सरांच्या त्याच विभागात आता माझीच एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. म्हणाली, "मॅडम, सरांचं कपाट काढून राहिले. तिथं कंप्युटर येणार आहेत. बरण्या तुमी नेता का? नाही तर फेकतील." मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाले.

सुतार कपाटाची दारं उतरवत होता. बऱ्याच बरण्यांतलं अल्कोहोल उडून गेलं होतं, किडे वाळून खरोखरचे शेंगदाणे झाले होते. ती बरणी मात्र शाबूत होती. झाकणाला मेण लावलेलं; सरांनीच लावलं असणार. अल्कोहोल पिवळं पडलेलं, तळाला सहा किडे. आणि दोन चिठ्ठ्या.

पहिली मला माहीत होती. दुसरी मी कधी पाहिली नव्हती. मी झाकण उघडून चिमट्यानं ती काचेशी आणली आणि वाचली. सरांचं तेच उभट अक्षर: "नवी नाही. नेहमीचीच प्रजाती. विहिरीचे खारे पाणी घातल्याने फुगलेली. पाणी मी घातले." खाली त्यांची सही.

पाणी मी घातले. भाषणात सांगितलं ते हवेत गेलं असं मी समजत होते. त्यांनी ते बरणीत घालून मेण लावून ठेवलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात एक चिठ्ठी चुकीची राहू दिली नाही, त्यानं ही एक जाणूनबुजून खोटी लिहिली होती, माझ्यासाठी. मला तिथेच, त्या सुतारासमोर, रडू आलं. माझी विद्यार्थिनी बिचारी म्हणाली, "मॅडम, अल्कोहोलचा वास लागला का?"

मी जाड कागद मागितला. मिळाला. पेन्सिल मागितली, तर सगळ्या विभागात पेन्सिल नाही! पेनं हवी तेवढी. शेवटी सुतारानं कानामागची काढून दिली, आणि टोक बोथट आहे म्हणून पटाशीनं तासूनही दिली. मी लिहिलं: "दुसऱ्या चिठ्ठीतील शेवटचे वाक्य चूक. पाणी मी घातले. सरांना न सांगता." खाली माझी पूर्ण सही केली, लग्नाआधीची आणि नंतरची, दोन्ही. चिठ्ठी आत बुडवली, बरणी घट्ट लावली, आणि बाळापूरची बस धरली.

सर आता भावाच्या मळ्यातल्या घरी असतात. काकू गेल्या. सरांचा उजवा डोळा गेलाच, डाव्यानं उजेड तेवढा कळतो. ओसरीवर खाटेवर बसले होते. आवाजावरून मला ओळखलं. मी बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपली, झाकणावरचं तुटलेलं मेण अंगठ्यानं पाहिलं.

"उघडली कोणं?"

"मी उघडली, सर." आणि मग मी सगळं सांगितलं. तिसरी चिठ्ठी टाकल्याचं सांगितलं. मुलाखतीत हसले होते, तेही सांगितलं.

"कोण नाई हसलं व," ते म्हणाले. "तुयी काकू बी हसली होती. मी बी हसलो." मग त्यांनी विचारलं, "माही चिठ्ठी काढली त नाई ना?"

"नाही सर. तिन्ही आत आहेत."

"अन् पेन्सिलनं लिवलं?"

"हाव सर. सुताराच्या पेन्सिलनं."

"मंग ठीक हाय. आता वाच. तिन्ही वाच, पह्यलीपासून."

मी बरणी उजेडात धरली, काच पदरानं पुसली. पहिली चिठ्ठी किड्यांच्या मागे अडकली होती. बरणी थोडी कलती केल्यावर ती पुढे आली. शिसं जरासुद्धा पुसट झालेलं नव्हतं.

"फॅस्कोलोसोमा वऱ्हाडेन्से," मी वाचलं. "नवी प्रजाती."

पुढचं वाचणार, तर त्यांनी हात वर केला.

"थांब," म्हणाले. "हे परत वाच."